घोणशीची पिल्ले आणि शेणखतातली अंडी

खानापूरचा शेतकरी

नमस्कार. आमचे शेत जांबोटीच्या बाजूला आहे. गेल्या आठवड्यात पावसाआधी भाताच्या गवताची जुनी गंजी उपसताना तळाशी एक जाड घोणस आणि तिच्याभोवती वीतभर लांबीची 20-25 पिल्ले दिसली. शोधूनही अंड्याचे एकही टरफल सापडले नाही. दोन-तीन पिल्लांच्या अंगाला मात्र ओलसर, पातळ पापुद्रा चिकटलेला होता. सर्पमित्राने ती सर्व रानात सोडली. त्यानंतर दोनच दिवसांनी उकिरड्याच्या कडेला शेणखताखाली एकमेकांना चिकटलेली दहा-बारा लांबट, पांढरी अंडी निघाली. साप अंडीच घालतो, असे आई ठामपणे म्हणते. मग घोणशीचे काय, आणि या अंड्यांचे आम्ही काय करावे?

रानवाट, चंदगड

नाग, मण्यार, धामण, अजगर यांच्याबाबत आपल्या आईंचे म्हणणे बरोबर आहे. परंतु घोणस, फुरसे, मांडूळ, हरणटोळ आणि आपल्या घाटातला हिरवा चापडा हे साप पिल्लांना जन्म देतात. घोणशीच्या पोटातल्या अंड्यांना जाड कवच येतच नाही. पिल्लू बलकावर पोसत मादीच्या शरीरातच पूर्ण वाढते आणि बाहेर येते तेव्हा पारदर्शक पिशवीत गुंडाळलेले असते, जी ते लगेच फाडते. आपण पाहिलेला पापुद्रा तोच. एका वेळी 20 ते 40 पिल्ले होणे घोणशीत नेहमीचे आहे.

पोटात पिल्ले वाढवणारी मादी उन्हात किंवा सावलीत सरकून त्यांना हवी तशी ऊब देऊ शकते, तर जमिनीत घातलेली अंडी तिथल्या ओलीवर आणि उष्णतेवर अवलंबून राहतात. शेणखत उबदार असते, म्हणून मादीने ती जागा निवडली असावी. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: घोणशीचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. उरलेली गंजी हाताने नव्हे, लांब दांड्याच्या आकडीने उपसा.

निपाणीकर

अंडी हलवू नका. काही वर्षांपूर्वी उसाच्या पाल्यात सापडलेली धामणीची अंडी मी चांगल्या हेतूने टोपलीत भरली, उलटीपालटी करून माती पुसली आणि घरी आणली. त्यांतले एकही उबले नाही. कोंबडीच्या अंड्यात बलक फिरू शकतो, पण सापाच्या अंड्यात वाढणारा गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडे उलटले की बहुधा मरतो. हलवणे अगदीच भाग पडले, तर प्रत्येक अंड्याची वरची बाजू पेन्सिलीने खूण करून तशीच वर ठेवावी, आणि तेही वन विभागाला कळवून. अंडी नुसती पाहून जात ओळखता येत नाही. नागाची असतील तर मादी जवळपास राखणीला असू शकते, त्यामुळे तिथे मुलांना जाऊ देऊ नका.

रानवाट, चंदगड

निपाणीकरांचे म्हणणे योग्य आहे. नागाची अंडी 48 ते 69 दिवसांत उबतात. आपल्याकडे धामणीला नागाची मादी समजतात, तेही खरे नाही. बांधावर एकमेकांना पीळ घालून उभे राहणारे दोन साप बहुतेक वेळा मादीसाठी झुंजणारे धामणीचेच नर असतात.

खानापूरचा शेतकरी

मनापासून आभार. अंडी जशी होती तशीच झाकली आहेत. त्या कडेचे शेणखत श्रावण सरेपर्यंत उचलायचे नाही, असे आईनेच सांगितले आहे.