मदत हवी आहे: नाळ तुटलेलं जहाज तरंगतं कसं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, म्हणून इथे विचारतोय. मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघं पत्र्याचं जहाज बनवतोय, ज्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, काढलं तरी ते बुडायला नको.

हे तिच्या डोक्यात आलं ते 'न्यू ऑर्लिन्स' या अमेरिकन क्रूझरमुळे, म्हणजे युद्धनौकेमुळे. नोव्हेंबर १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून तिचा पुढचा सुमारे १५० फूट भाग गेला, दीडशेहून जास्त खलाशी दगावले. उरलेल्यांनी तुलागी बंदरात नारळाच्या ओंडक्यांनी तोंड बुजवलं आणि जहाज उलटं चालवत सिडनीला नेलं! हे वाचून पोरगी रात्रभर बोलत होती. २०१३ मध्ये अरबी समुद्रात 'एमओएल कम्फर्ट' हे मालवाहू जहाज तर मधोमध दुभंगलं, तरी दोन्ही तुकडे कित्येक दिवस तरंगत होते. सगळे २६ जण वाचले.

आतल्या आडव्या जलरोधक भिंती पाणी अडवतात, एवढं कळलं. पण आमच्या मॉडेलमध्ये नाळ काढली की पुढचा भाग खाली झुकतो आणि पाणी भिंतीच्या वरून आत शिरतं. भिंत डेकपर्यंत न्यायची, की मागे वजन ठेवून पुढचा भाग उचलायचा? आणि पातळ पत्र्याच्या भिंतीला मागून टेकू कसे द्यायचे? एम-सील लावूनही सांध्यातून पाणी झिरपतंच आहे.

कोणी मर्चंट नेव्हीत किंवा गोदीत काम केलेलं असेल तर कृपया सांगा. प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे.