जुनी अबार्थ पुंटो घ्यायचीय: काय तपासायचं आणि कर्ज कसं काढायचं?

घाटवळण (प्रश्न)
२०१६ ची अबार्थ पुंटो (फिआट पुंटोची टर्बो पेट्रोल आवृत्ती) पाहिली आहे. पुण्याचं पासिंग, दुसरा मालक, ६८,००० किमी, मागणी साडेपाच लाख. माझ्याकडे रोख दोन लाख आहेत, बाकीचं कर्ज. सर्व्हिसची बिलं ४१,००० किमीपर्यंतचीच मिळाली, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर चालवणारा पट्टा) बदलल्याचा कागद नाही. आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय, पण विक्रेता म्हणतो कर्ज केव्हाच फिटलंय. गाडी घेताना नेमकं काय बघू, आणि एवढ्या जुन्या गाडीवर बँक कर्ज देईल का?

टॉर्करेंच
आधी ती खरीच अबार्थ आहे का ते बघा. आरसीवरचे १३६८ सीसी बघून निर्धास्त होऊ नका, कारण साध्या १.४ फायर इंजिनच्या पुंटोचीही क्षमता तेवढीच आहे. विंचवाचे बिल्ले (अबार्थचं चिन्ह) आणि अलॉय चाकं कुणीही लावू शकतो. आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा, बॉनेट उघडून टर्बो बघा आणि मागची चाकं बघा. अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. मागे ड्रम दिसले तर तिथूनच परत फिरा.

बेल्टचा कागद नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला. रबर किलोमीटरइतकंच वयानेही सुकतं. अबार्थच्या या १.४ टी-जेट टर्बो इंजिनमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पंप एकाच वेळी बदलायचे. पंप वाचवला आणि वर्षभराने तो गळू लागला, तर मजुरी पुन्हा पहिल्यापासून. कॅमशाफ्ट लॉक करायची हत्यारं असलेल्या मेकॅनिककडेच हे काम द्या. मार्करने खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे नको, टायमिंग एका दाताने जरी चुकलं तरी गाडी ओढत नाही.

गाडी पूर्ण थंड असताना बघायला जा. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. थंड इंजिनवर टिकटिक येते आणि पाच-दहा मिनिटांनी थांबते, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) चीर असण्याची दाट शक्यता. टर्बोच्या उष्णतेने तो फाटतो आणि धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून गरम गाडीत हा दोष सापडतच नाही. निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त तफावत नको.

रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. २१२ एनएम टॉर्क २,००० पासून मिळायला हवा, जोर उशिरा आला तर टर्बोच्या हवेचे होज आणि तिचा दाब सांभाळणारे डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि वेस्टगेट तपासा. चौथ्यात आरपीएम चढतात आणि वेग तसाच राहतो, तर क्लच संपला. रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) झालंय का तेही विचारा. वाढलेल्या टॉर्कचा पहिला मार क्लच खातो.

खाली लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्टीअरिंग रॅकच्या बुटात ऑइल साचलंय का ते बघा. स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, रॅक गळू लागला की खर्च मोठा.

सुट्या भागांचं म्हणाल तर फिआटने इथली विक्री २०१९ मध्ये थांबवली. इंजिनचे पुष्कळ भाग लिनिया टी-जेटशी आणि बॉडीचे पुंटो इव्होशी जुळतात, त्यामुळे चालू शकते. पण अबार्थचा स्वतःचा बंपर फुटला तर शोधावा लागेल. म्हणून अपघात झालेली गाडी स्वस्त मिळाली तरी नको. आणि दुरुस्तीसाठी साठ-सत्तर हजार बाजूला ठेवल्याशिवाय सौदा करू नका.

हप्ता_बंधन
कर्जाचं. बऱ्याच बँका गाडीचं वय आणि कर्जाची मुदत मिळून दहा वर्षांच्या आत मागतात. २०१६ ची गाडी त्यात बसत नाही. त्यात कंपनी विक्रीतून गेलेली, त्यामुळे व्हॅल्युएशन कमी येतं आणि कर्ज त्या व्हॅल्युएशनवर मिळतं, तुमच्या सौद्यावर नाही. उत्साही मंडळी अबार्थला जादा देतात, बँकेचा माणूस तिला उत्पादन बंद झालेली साधी हॅचबॅक समजतो. ही तफावत तुमच्या खिशातून जाते.

म्हणून आधी घरची एफडी असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट बघा. एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त लागतात. मग सोनेतारण, मग पगाराच्या बँकेचं पर्सनल लोन. या तिन्हींत आरसीवर बोजा चढत नाही, पुढे विकताना सोपं जातं.

घाटवळण
एक एजंट ८ टक्के फ्लॅटने साडेतीन लाख देतोय, तीन वर्षांसाठी. पर्सनल लोन ११ टक्के सांगतायत. मग एजंटचं स्वस्त ना?

हप्ता_बंधन
नाही, उलट महाग आहे. फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहतं. ८ टक्के फ्लॅट म्हणजे ८४,००० व्याज, हप्ता १२,०५६. घटत्या शिलकीवर हा दर जवळपास साडेचौदा टक्के पडतो. ११ टक्के घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे ११,४५८ आणि एकूण व्याज साडेबासष्ट हजारांच्या आसपास. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंडही दोन्हीकडे लेखी घ्या.

आरटीओ_फाईल
बोजा आरसीवर आहे तोवर टोकनच्या पुढे पैसे देऊ नका. कर्ज फिटलं असेल तर विक्रेत्याने बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) द्यायला हवा. एनओसीवरची तारीख बघा, जुनी झाली तर आरटीओ घेत नाही. काही रक्कम शिल्लक निघाली तर फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र) मागवून ती थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा, विक्रेत्याच्या हातात नाही.

बोजा उतरला की फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करण्याचे अर्ज) सह्या. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन महिनोन्‌महिने ठेवू नका, नाव बदलेपर्यंत ई-चलान विक्रेत्याला जातात आणि अपघात झाला तर भांडण तुमचं. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागेल. ही गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्या बसवल्यात का तेही बघा. पैसे आरटीजीएसने द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विक्रेत्यालाच कायद्याने अडचणीत आणतं.

आणि चॅसी नंबर आरसीशी स्वतः जुळवून घ्या, फोटोवरून नको.