चाळीत 200 टन कांदा, संचालक मंडळ म्हणतंय "थांबून बघू". निर्णय पुढे कसा न्यायचा?

चाळवाली_ताई
शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक जिल्हा. कांदा साठवायच्या 25 टनांच्या आठ चाळी (हवेशीर कोठारं) उन्हाळ कांद्याने भरल्यात, सभासदांकडून 1500 रुपये क्विंटलने घेतलेला. संचालक दहा. 1 एप्रिल 2025 ला निर्यात शुल्क गेलं, तरी 2023 सारखी निर्यातबंदी पुन्हा आली तर काय, या धास्तीने कुणी हो म्हणत नाही आणि कुणी नाहीही म्हणत नाही. मीटिंग होते, चहा होतो, विषय पुढच्या मीटिंगला. अशा वेळी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने मंडळाला हलवायचं कसं?

ताळेबंद
ताई, "थांबू" हाही निर्णयच आहे आणि त्याला रोज पैसे लागतात. ते किती, हा आकडा मंडळासमोर ठेवा. 1500 चा माल, चार महिन्यांचं 12 टक्क्यांनी व्याज 60, निवड-गोणी-हमाली 150 धरा. झाले 1710. चार महिन्यांत घट आणि सड मिळून 25 टक्के गेली तर 100 किलोचे 75 उरतात. म्हणजे 1710 भागिले 0.75, 2280 रुपये. त्याखाली विकलं तर चार महिने थांबून तोटाच. घट 30 टक्के झाली की हाच आकडा 2443 होतो. आज 1700 ने विकायला नको म्हणणाऱ्या संचालकाला विचारा, "2280 च्या वर भाव जाईल असं तुम्ही कशावरून म्हणता?" चर्चा लगेच जमिनीवर येते.

दुसरं, 200 टनांचा एकच निर्णय मागू नका, कुणीच देणार नाही. चार तुकडे करा. 50 टन ऑगस्टमध्ये भाव काहीही असो, विकायचे. त्यातून व्याज आणि सभासदांची बाकी भागते. 50 टन सप्टेंबर मध्यापर्यंत, 60 ऑक्टोबरमध्ये, आणि उरलेले 40 नव्या हंगामाच्या लाल कांद्याची आवक वाढायच्या आत. प्रत्येक तुकड्याला तारीख आणि भाव, दोन्ही लिहा. लासलगाव बाजार समितीचा सर्वसाधारण भाव सलग सहा लिलावांत ठरलेल्या आकड्यावर राहिला तर पुढचा तुकडा आधीच निघतो. भाव आला नाही तरी तारखेला निघतो. बहुतेक ठिकाणी फक्त भाव लिहितात, तारीख लिहित नाहीत. मग कांदा कोंब फुटेपर्यंत पडून राहतो.

बांध_ते_बंदर
2023 चा क्रम नीट पाहा. 19 ऑगस्टला 40 टक्के शुल्क, 28 ऑक्टोबरला टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली निर्यात करता येत नाही; तेव्हाच्या दराने किलोला 66 रुपयांच्या आसपास), 8 डिसेंबरला थेट बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्कासह. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. यातून एकच शिकायचं: शहरात किरकोळ भाव चढला की बंधन येतं. म्हणून भाव चढत असतानाच विका. "अजून चढू दे" म्हणणाऱ्याला नेमकं बंधन गाठतं.

डिसेंबरच्या आदेशात, आदेशाआधी जहाजावर भरणी सुरू झालेल्या किंवा सीमाशुल्काच्या ताब्यात गेलेल्या मालाला सूट होती. म्हणून निर्यातीचा माल बंदरावर सोपवल्याची तारीख-वेळेची पावती त्याच दिवशी फाईलला लावा. आणि निर्यातदाराशी करार करताना "सरकारी बंदी आल्यास माल कुणाचा, आगाऊ रक्कम कुणाची" हे कलम असल्याशिवाय सही नको.

नमुना_पिशवी
वरच्या हिशेबात 25 टक्के हा अंदाज आहे. तुमच्या चाळीचा खरा आकडा काढा. मोजून 20 किलोच्या पाच जाळीदार पिशव्या प्रत्येक चाळीत वर, मध्ये, तळाशी, कडेला ठेवा आणि दर 15 दिवसांनी वजन घ्या. घट, सड आणि कोंब वेगवेगळे लिहा, कारण तिन्हींचा उपाय वेगळा. सड वाढली तर ती चाळ लगेच फोडून माल विकायचा, तिचा नंबर वेळापत्रकात पहिला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काजळी (काळी बुरशी) धरते. थर पाच फुटांच्या वर असेल तर मधला कांदा उबतो आणि वरून काहीच दिसत नाही. गोल्टी (बारीक कांदा) आणि जोड कांदा आधी काढा, तो टिकत नाही.

ठराव_वही
मंडळाच्या बैठकीला कायद्याने सात दिवसांची नोटीस लागते, गणपूर्ती (बैठकीला लागणारी हजेरी) एक तृतीयांश पण किमान तीन. दहा संचालक म्हणजे चार. सात दिवसांत भाव कुठल्या कुठे जातो (कारणं लेखी नोंदवून कमी मुदतीची बैठक घेता येते, पण ती दरवेळी करू नका). त्यापेक्षा आत्ताच ठराव करा:

"मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास, अध्यक्ष आणि एक संचालक यांच्या समितीच्या सल्ल्याने, मंजूर वेळापत्रकातील तुकडा, एका आठवड्यात कमाल 40 टन, मंडळाची पुन्हा परवानगी न घेता विकण्याचा अधिकार देण्यात येत आहे. विक्रीचा तपशील पुढील बैठकीत ठेवावा."

समिती दर सोमवारी, पाऊण तास. सभासदांना दर शनिवारी संध्याकाळी एकच व्हॉइस मेसेज: शिल्लक किती, विकला किती आणि कोणत्या भावाने, पुढची तारीख कोणती. काही घडलं नाही त्या शनिवारीही पाठवायचा. मेसेज एकदा चुकला की पारावर दुसरीच बातमी फिरते आणि सोमवारी दहा जण उचल मागायला दारात.

चाळवाली_ताई
ठराव मांडते. पण ठरलेला भाव आला आणि एखादा ज्येष्ठ संचालक "आठ दिवस थांबा" म्हणाला तर?

ताळेबंद
त्यांना मान देऊनच विचारा: "अण्णा, आठ दिवसांनी किती घट, किती व्याज आणि कोणता भाव धरायचा, तेवढं वहीत लिहून सही करा." सही झाली तर तो तुकडा आठ दिवस थांबेल, एकदाच. नाही झाली तर त्याच दिवशी गाडी भरा.