‘अनुवाद’ : कशाचा अनुवाद?

बोरूबहाद्दर : मराठी बायबलात उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना यांच्यानंतर पाचवं पुस्तक येतं ते ‘अनुवाद’. हा कोणत्या ग्रंथाचा अनुवाद? आणि मूळ लेखक कोण?

पदच्छेद : भाषांतराशी याचा संबंध नाही. अनु + वद्, म्हणजे आधी सांगितलेलं मागाहून पुन्हा सांगणं. मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचं, ठरलेलं उदाहरण आहे ‘अग्निर्हिमस्य भेषजम्’. थंडीवर विस्तव हा उपाय, हे सगळ्यांना ठाऊकच असतं. वाक्य ते फक्त पुन्हा म्हणतं, म्हणून तो अनुवाद. या पुस्तकात इस्राएलांचा नेता मोशे मरणापूर्वी, यार्देन नदीच्या पूर्वेला मवाब देशात, त्यांना नियमशास्त्र, म्हणजे देवाने दिलेले नियम, पुन्हा ऐकवतो.
ग्रीक नावाचा अर्थ ‘दुसरं नियमशास्त्र’. 17:18 मध्ये (अध्याय 17, वचन 18) राजाने नियमशास्त्राची प्रत उतरवून घ्यावी असं आहे. त्या ‘प्रत’चं ग्रीक भाषांतरात ‘दुसरं’ झालं. ज्यू परंपरेत नाव वेगळंच आहे. पहिल्या ओळीतला शब्द उचलून ‘देवारीम’, म्हणजे बोल.

तळटीप : नाव परंपरेला धरून आहे, मजकुराला नाही. अनुवादात नवं काही सांगायचं नसतं, इथे सांगितलंय. निर्गम 20:24 ला अनेक ठिकाणच्या वेद्या चालतात. अनुवाद 12 म्हणतं, परमेश्वर निवडील त्या एकाच ठिकाणी यज्ञ करा, बाकीची स्थळं मोडा. मीमांसेच्याच भाषेत बोलायचं तर हा चक्क विधी, म्हणजे नवी आज्ञा झाली.
मिसरातून सुटकेच्या सणाचं, वल्हांडणाचंही तेच. निर्गम 12 मध्ये मेंढरू किंवा बकरं, तेही विस्तवावर भाजलेलं. पाण्यात शिजवायला मनाई. अनुवाद 16 मध्ये गुरंही चालतात आणि क्रियापद येतं ‘बाशाल’, म्हणजे शिजवणं.

पदच्छेद : ‘बाशाल’वर फार भार टाकू नका. त्याचा अर्थ नुसतं ‘रांधणं’ असाही होतो, आणि निर्गमात ‘पाण्यात’ हे वेगळं सांगावं लागलंय. वेदीचा पुरावा मात्र भक्कम.

तळटीप : मान्य. तरी बायबलातल्याच ‘2 इतिहास’ या पुस्तकात, 35:13 मध्ये, ‘विस्तवावर बाशाल केलं’ असं लिहून दोन्ही नियम एकाच वाक्यात बसवलेत. म्हणजे विसंगती त्या काळीही खुपत होती.
आता लेखकाचं. 2 राजे 22 प्रमाणे योशीया राजाच्या 18 व्या वर्षी, साधारण इ.स.पू. 622 मध्ये, मुख्य याजक हिल्कीयाला मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं. त्यानंतर राजाने यरुशलेमेबाहेरची पूजास्थळं मोडली. बाराव्या अध्यायाशी हे तंतोतंत जुळतं, म्हणून 1805 मध्ये जर्मन अभ्यासक डे वेटे यांनी या पुस्तकाची सांगड योशीयाच्या काळाशी घातली. पुढे जर्मन अभ्यासक वेलहाउझेन यांच्या, हे पाच ग्रंथ चार वेगळ्या स्रोतांतून जुळले अशा मांडणीत हाच कालनिर्णयाचा खुंटा ठरला. आज अनेक अभ्यासक 12 ते 26 हे अध्याय गाभा मानतात आणि त्याच्या मागचीपुढची चौकट नंतरची, काही भाग तर ज्यूंना बाबेलला नेलं त्या बंदिवासाच्या काळातला धरतात.

बोरूबहाद्दर : म्हणजे शंका 19 व्या शतकातली?

पदच्छेद : छे, फार जुनी. शेवटच्या आठ वचनांत मोशेचा मृत्यू आणि दफन आहे. ती यहोशवाने लिहिली, असं एक मत तालमुदातच, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथातच, नोंदलंय. दुसरं मत, मोशेनेच रडत रडत लिहिली. 12 व्या शतकात ज्यू भाष्यकार अब्राहम इब्न एज्राने 1:2 वरच्या भाष्यात अशा खटकणाऱ्या जागांची यादी कोड्यात दिली आणि ‘सत्य ओळखशील’ एवढंच म्हणून सोडून दिलं. 1:1 मधलं ‘यार्देनेच्या पलीकडे’ घ्या. मोशे तर नदी ओलांडलाच नाही, मग हे पश्चिमेच्या काठावरून कोण बोलतंय? 1670 मध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझाने ते कोडं उघड फोडलं.

तळटीप : लिहिताना एक पथ्य पाळा. ‘मोशेने हे नियमशास्त्र लिहिलं’ हे 31:9 मध्ये आहे, पण तिथल्या ‘हे’ची व्याप्ती बायबलच्या पहिल्या पाचही ग्रंथांपर्यंत (पंचग्रंथ) नेली ती नंतरच्या परंपरेने. तेव्हा ‘पंचग्रंथाचा लेखक मोशे’ असं न लिहिता ‘परंपरेने मोशेच्या नावावर असलेला’ असं लिहावं. ‘संकलक’ हा शब्दही जपून वापरा. जुना मजकूर गोळा करणं वेगळं आणि तो बदलून नवा नियम घालणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी ‘संपादक’ बरा.