आठ खोल्यांच्या होमस्टेला राउटरवर कुठली ओएस (राउटर चालवणारी मूळ प्रणाली)? (कालच्या पोस्टला उत्तर)

जांभाचिरा:
काल इथे एकाने ठणकावलं, "होमस्टेला पीएफसेन्सच हवं, ओपनवर्ट पोरांचा खेळ." दोन्ही राउटरच्याच ओएस: ओपनवर्ट छोट्या राउटरवर चालते, पीएफसेन्स ही फायरवॉलची, सहसा मिनी पीसीवर. ओपनवर्ट 2004 पासून चालू आहे. पोरांचा खेळ इतका टिकत नाही. आठ खोल्यांत खरं दुखणं बफरब्लोटचं, म्हणजे लाइन भरली की पॅकेट रांगेत अडकतात आणि सगळ्यांनाच उशीर. एका पाहुण्याने रील अपलोडला टाकली की शेजारच्या खोलीतला व्हिडिओ कॉल गचके खातो. एसक्यूएममध्ये (ही रांग आवरणारं पॅकेज) केक ही पद्धत निवडा, लाइनचा वेग मोजा, त्याच्या 85 ते 90 टक्के आकडा डाउनलोड आणि अपलोड दोन्हीत टाका. फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटला वेगाचा आडमार्ग) बंद ठेवा, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालतात आणि तुम्ही म्हणता फरक नाही पडला. फ्लॅश 16 एमबी आणि रॅम 128 एमबीच्या खाली काही घेऊ नका.

भिंत_आणि_दार:
"पोरांचा खेळ" लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. तुझं ओपनवर्ट अपग्रेड केलं की सेटिंग राहतात, पण वरून टाकलेली पॅकेजेस उडतात. म्हणजे एसक्यूएमची फाइल जागेवर आणि एसक्यूएम गायब. पीएफसेन्समध्ये कॅप्टिव्ह पोर्टलची (वायफायला जोडलं की कोड मागणारं पान) व्हाउचरं छापायची, खोलीमागे एक दिवसाचं एक. पाहुणा गेला, वायफाय संपलं.

जांभाचिरा:
पॅकेजेस आतच घालून इमेज बनवून मिळते, अटेंडेड सिसअपग्रेड वापर. आणि पीपीपीओईचं, म्हणजे बऱ्याच ब्रॉडबँडच्या लॉगिन पद्धतीचं, बोल. पीएफसेन्सच्या पायातल्या फ्रीबीएसडीवर त्याचा येणारा ट्रॅफिक वर्षानुवर्षं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडत आला. नवा ड्रायव्हर पीएफसेन्समध्ये 2.8 ला आला. त्यात मिनी पीसीत रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असेल तर देवच राखो.

वायच_थांब:
अरे मेल्यांनो, वायच थांबा. हॉटस्पॉट, म्हणजे तुझा ता व्हाउचरचा पान, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरात बांधूनच येता. लेव्हल 4 लायसन डब्यावरच असता, त्यात हॉटस्पॉटचे 200 युजर. आठ खोल्यांक आणखी काय होया? फक्त एक. मूळ फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (थयलो आडमार्ग) नियम काढा, नाहीतर सिंपल क्यू (वेगाची मर्यादा) लावलेला कोणाक लागूच होत नाय. आणि त्येच्या ओएसात, आरओएस 7 मध्ये, केक पण आसा.

भिंत_आणि_दार:
2018 चं विनबॉक्सचं, तुझ्या मायक्रोटिकच्या सेटिंग-प्रोग्रामचं, भगदाड विसरलास वाटतं?

वायच_थांब:
आरओएस 6.42.1 मध्ये बुजवला ता. विनबॉक्साचा 8291 पोर्ट इंटरनेटक उघडा टाकून झोपणाऱ्यांका आणि अपडेट न करणाऱ्यांका फटको बसलो. दार उघडा टाकायचा आणि चोराक शिव्या द्यायच्या!

सुरंगी:
तिघेही एसीत बसून बोलताय का? जूनमध्ये गुहागर ते वेंगुर्ले वीज दिवसाला किती वेळा जाते ते सांगा आधी. पीएफसेन्स जुन्या यूएफएस फाइल सिस्टीमवर असेल तर एखाद दिवशी ती खराब होते, बूट अर्ध्यावर अडकतं, आणि मग मॉनिटर-कीबोर्ड लावून सिंगल यूजर मोडमध्ये दुरुस्तीचं 'एफएससीके -वाय' पुन्हा पुन्हा चालवा. मालक डोंबिवलीत, होमस्टे आचऱ्यात. कोण लावणार मॉनिटर, गडीमाणूस? ओपनवर्टची मूळ प्रणाली स्क्वॉशएफएसमध्ये, लिहिताच येत नाही. बदल वेगळ्या थरात जातात आणि लॉग रॅममध्ये राहतो.

भिंत_आणि_दार:
म्हणून तर रीबूटनंतर लॉगही गायब. रात्री काय झालं ते कोणाला विचारणार, समुद्राला? आणि पीएफसेन्स 2.6 पासून झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टीमच डीफॉल्ट आहे, तुमची माहिती जुनी.

सुरंगी:
नवीन इन्स्टॉलला. जुन्यावर नुसतं अपग्रेड केलं तर यूएफएस तसाच राहतो. कॉन्फिगची एक्सएमएल उतरवून पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. किती जणांनी केलंय?

जांभाचिरा:
ओएसचं बाजूला राहू दे, 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. ओएनयू (फायबरचा डबा) 6 वॅट, राउटर 8 वॅट धरला तर 40 वॅट-तासांच्या बॅटरीत जेमतेम अडीच तास. मिनी पीसीचा 15 वॅट धरला की तो वेळ दोन तासांच्या खाली गेला.

सुरंगी:
आणि कडाडणारी वीज? "फायबरला काही होत नाही" हे अर्धंच खरं. खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप केबलला वरची पोलादी तार असते. ती घरात शिरण्याआधी बाहेरच्या भिंतीवरच्या हुकाला बांधून तिथेच कापा, आत फक्त काच येऊ दे. माडाच्या बागेतून दुसऱ्या खोलीकडे तांब्याची लॅन केबल ओढू नका, दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याचं फायबर आणि उलट करणारे डबे) आणि फायबर टाका. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडा पडतो, पाणी घालत राहा. नाहीतर कुठलीही ओएस घ्या, पोर्ट जळलेलेच मिळतील.

भिंत_आणि_दार:
अहो बाई, धागा फायरवॉलचा होता, महावितरणचा नव्हे.

सुरंगी:
फायरवॉल चालायला वीज लागते, म्हणून म्हटलं.

वायच_थांब:
डोंबिवलीतून नियम बदलताना स्वतःकच बाहेर काढलंस तर? मायक्रोटिकात आधी कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड. कनेक्शन तुटला तर बदल आपसूक मागे. जुनिपर कंपनीच्या जुनॉसात 'कमिट कन्फर्म्ड', दहा मिनटांत पक्का केला नाय तर जुना परत. ओपनवर्टच्या लुसीत (सेटिंगचा पान) पण तशीच सोय. भिंतवाल्यांनो, तुमच्याकडे?

भिंत_आणि_दार:
आमच्याकडे बदल करण्याआधी डोकं वापरतात.

जांभाचिरा:
म्हणजे नाही.

भिंत_आणि_दार:
बरं, नाही. झालं समाधान? आठ खोल्यांना ओपनवर्ट लावा, व्हाउचर हाताने लिहा, शेवटी माझ्याकडेच याल. आणि सुरंगीताई, ती पोलादी तार भिंतीपासून किती अंतरावर कापायची?