मदत हवी आहे: सहा दिवसांची निवासी कार्यशाळा, मुक्काम तिथेच करू की देवळीहून ये-जा?

कळंबकरीण:

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली. आमचा बचत गट कापडी पिशव्या आणि गोधड्या शिवतो. आता कापड नैसर्गिक रंगांनी आपणच रंगवायचं मनात आहे. सेवाग्रामच्या बाजूला एका संस्थेची रंगाईची कार्यशाळा आहे, जानेवारीत, संक्रांत झाल्यावर. सोमवारी सकाळी साडेनऊला सुरू आणि शनिवारी दुपारच्या जेवणानंतर सुट्टी. शिकवण्याची फी २४०० रुपये, ती गट भरतोय. राहण्या-जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं आहे आणि गाडी तिथेच अडलीय.

केलेला हिशेब मांडते, कुठे चुकतोय ते सांगा.

संस्थेच्या वसतिगृहात राहिले तर एका खोलीत सहा-आठ जणी, रात्रीचे २०० रुपये. दिवसाचं जेवण २५०, त्यात नाश्ता ५०, चहासकट दुपारचं जेवण ११० आणि रात्रीचं ९०. रविवारी संध्याकाळी पोचायचं धरलं तर सहा रात्रींचे १२०० आणि जेवणाचे १५००. झाले २७००.

वर्ध्यात लॉज घेतला तर साधी खोली ७०० ला सांगतात. गटातली दुसरी बाई सोबत आली तर माझ्या वाट्याला रोजचे ३५०, म्हणजे सहा रात्रींचे २१००. दुपारचं जेवण सगळ्यांना संस्थेतच घ्यावं लागतं, त्याचे ६६०. रात्री खानावळ ६००, सकाळचा चहा-पोहे २४०, ऑटोचे जाऊन-येऊन रोज ६०, म्हणजे ३६०. बेरीज ३९६० वर जाते, तीही दुसरी बाई आली तर.

तिसरा मार्ग माझ्या नणंदेचा. ती देवळीला असते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बस आणि पुढचा ऑटो मिळून रोजचे १०० धरले, सहा दिवसांचे ६००. दुपारच्या जेवणाचे ६६०. नणंदेकडे रिकाम्या हाती जाता येत नाही. घरची तूरडाळ, लेकरांना खाऊ, तिला काही, असे ५०० धरले. एकूण १७६०.

म्हणजे वसतिगृह आणि नणंद यांत ९४० रुपयांचा फरक. नवरा म्हणतो, घर असताना पैसे कशाला घालवायचे. सासूबाई म्हणतात, नणंदेला वाईट वाटेल. आणि कार्यशाळेच्या पत्रकात रोज संध्याकाळी ७ ते ९ "चर्चा व सराव" लिहिलंय, तो बुडाला तर चालेल का, हे मला कळत नाही. शिवाय शेवटची वेचणी सुरू आहे, सहा दिवसांची मजुरी जाईल ती वेगळीच.

जुना_प्रशिक्षक:

ताई, हिशेब चांगला मांडलाय. आधी एक गोष्ट वेगळी काढा. वेचणीची मजुरी तिन्ही मार्गांत सारखीच बुडते. जायचं की नाही हे ठरवताना ती मोजा. कुठे राहायचं हे ठरवताना तिला मध्ये आणू नका, नाहीतर आकडे मोठे दिसतात आणि मन उगाच स्वस्ताकडे झुकतं.

आता ७ ते ९ बद्दल. एखादं भाषणाचं शिबिर असतं तर मी म्हणालो असतो, खुशाल बुडवा. रंगाईचं तसं नाही. सुती कापड वनस्पतींचा रंग सहज धरत नाही. आधी सोडा घालून उकळून त्याची खळ आणि तेलकटपणा काढावा लागतो. मग हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात. ही भिजवणी बऱ्याचदा रात्रभराची असते. म्हणजे संध्याकाळी कापड घालायचं आणि सकाळी काढायचं. दिवसा येणाऱ्या माणसाला भिजवलेलं कापड तयार मिळतं. किती तुरटी घातली, पाणी किती कोमट होतं, हे त्याच्या हाताखालून जात नाही. गावात जाऊन स्वतः करायला बसलं की नेमकं तिथेच अडतं.

निळीचं तर विचारूच नका. आंबवून केलेलं निळीचं पिंप रोज बघावं लागतं. वरची तांबूस साय, कडेचा निळा फेस, आतलं पाणी पिवळट-हिरवं, वास कसा येतो, हे सगळं. कापड बाहेर येतं तेव्हा हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. जानेवारीच्या थंडीत आंबणं मंदावतं, तेव्हा पिंप कसं सांभाळायचं हे शिकायचं तर पहाटे त्याच्यापाशी उभं असायला हवं.

त्यामुळे ९४० रुपये खोली-जेवणाचे समजू नका. त्यात संध्याकाळचे दोन तास आणि पहाटेचा तासभर येतो. २४०० ची फी दिल्यावर तेवढा भाग सोडणं मला तरी परवडलं नसतं.

वऱ्हाडी_बाप्पा:

लॉजचा इचार तर सोडूनच द्या बाप्पा. ७०० चा लॉज आन वरून खानावळीचं तेलकट खानं, तिसऱ्या दिवशी पोट धराल. आन दुसरी बाई आयीच नाही त मंग?

माहं म्हननं, नणंदेच्या घरचा हिशेब तुमी कमी लावला. जानेवारी हाय, संक्रांतीपासून रथसप्तमीलोक हळदीकुंकू चालते. तुमी पावनी म्हनून गेल्या की रोज संध्याकाळी कोनाच्या ना कोनाच्या घरी वाण घ्याले जाचं. नाही म्हनता येते का? रात्री दहाले जेवन आन सकाळी सातची एसटी. थकून कार्यशाळेत डुलक्या घ्याल.

मोहाचं_फूल:

बाप्पांचं पटलं, पण नवऱ्याचं आणि सासूबाईंचं म्हणणं एकदम उडवून लावू नका. आमच्याकडे बाई सहा रात्री बाहेर राहते हीच पहिली अडचण असते, पैसे नंतर. वसतिगृह फक्त बायांचं आहे का, रात्री तिथे संस्थेची बाई असते का, संडास-न्हाणी खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, हे फोनवर विचारून घरी सांगा. माझ्या घरी तेवढ्यावरच होकार आला होता.

आणि जेवणाचे २५० हा ठोक आकडा आहे की न घेतलेलं जेवण वजा होतं, हेही विचारा. उपवास असणाऱ्यांना त्यात बरंच सुटतं. पांघरूण देतात का? सेवाग्रामकडे मोकळं रान आहे, पहाटे चांगलंच झोंबतं. गरम पाण्याचे वेगळे पैसे घेणारेही असतात.

पावती_घ्या:

लॉजवर राहणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. ७५०० पर्यंत भाड्याच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ होता. लहान लॉज बरेचदा नोंदणीतच नसतात, त्यांनी कर लावायचाच नसतो. तेव्हा सांगितलेला भाव करासकट आहे का, हे आधी विचारावं.

कळंबच्या ताईंना: गट फी देतोय तर राहण्या-जेवणाचा थोडा भार ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) उचलतो का, हे बैठकीत काढा. शिकून आल्यावर तुम्ही बाकीच्या बायांना शिकवणारच आहात ना? मग हा खर्च एकट्या तुमचा कसा? ठराव जाण्याआधी लिहून घ्या आणि संस्थेकडून फी, निवास, भोजन अशी वेगवेगळी पावती तुमच्या नावानं मागा. ठोक रकमेच्या एका पावतीवर पुढे वाद होतात.

कळंबकरीण:

सगळ्यांचे आभार. आज फोन केला. वसतिगृह बायांचं वेगळं आहे, रात्री त्यांची एक कार्यकर्ती तिथेच झोपते. न्हाणी बाहेर पण कुंपणाच्या आत. चूल पेटते, गरम पाण्याचे पैसे नाहीत. गादी देतात, पांघरूण आपलं आणायचं. आदल्या संध्याकाळी सांगितलं तर दुपारचं किंवा रात्रीचं जेवण वजा होतं, नाश्ता होत नाही. माझा गुरुवारचा उपवास असतो, म्हणजे दुपारचे ११० वाचतील.

संध्याकाळी काय असतं तेही विचारलं. प्रशिक्षकांनी सांगितलं तसंच आहे, कापड भिजत घालणं रात्रीच होतं. नवऱ्याला ते वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, म्हणजे तयार आहे.

आता असं मनात आहे: रविवारी रात्री नणंदेकडे राहायचं, सोमवारी सकाळी तिथून जायचं आणि पुढे शुक्रवारपर्यंत वसतिगृहात. रविवारची रात्र आणि जेवण मिळून २९० वाचतात. नणंदेचंही मन राहील. बरोबर आहे ना?

जुना_प्रशिक्षक:

२९० वाचवायला गेलात आणि नणंदेकडचं सामान, सोमवारची बस-ऑटो धरली तर २५० जातील. हाती राहिले ४०. शिवाय रविवारी घर सोडायचं ते सोडायचंच.

सोमवारी भल्या सकाळी कळंबहून थेटच निघा ना. साडेनऊपर्यंत पोचायला हरकत नाही. कळंब–वर्धा रेल्वेमार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालाय, पण गाडीची वेळ तुमच्या उपयोगाची आहे का हे स्टेशनवर बघून मगच भरवसा ठेवा. नाहीतर पहिली एसटी. म्हणजे पाच रात्रींचे १०००. जेवणाचे सोमवारी २००, मंगळवार ते शुक्रवार १०००, त्यातून गुरुवारचे ११० वजा, शनिवारी नाश्ता आणि दुपारचं मिळून १६०. एकूण २२५०. देवळीच्या १७६० शी फरक उरला ४९०.

वऱ्हाडी_बाप्पा:

आन नणंदेकडं शनिवारी जा ना! वर्ध्यावरून कळंबले येतानी देवळी रस्त्यातच लागते. दुपारी सुट्टी झाली की उतरा, संध्याकाळी हळदीकुंकू करा, रविवारी घरी. रंगवलेला एखादा रुमाल वाण म्हनून द्या तिले, मंग विकतचं कायले घेता?

मोहाचं_फूल:

शनिवारी घाई नसेल तर वर्ध्यात मगन संग्रहालय बघून घ्या. १९३८ पासूनचं आहे, खादी आणि ग्रामोद्योगाचं काम बघायला मिळतं. गटासाठी चार गोष्टी सुचतील. पण सामान घेऊन फिरावं लागेल, तेवढं बघा.

कळंबकरीण:

बाप्पा, शनिवारचं नणंदेला कळवलं सुद्धा. ती म्हणते, रुमाल नको, ब्लाऊजपीस रंगवून आण. आता तो एवढ्यात जमतो का, ते तिथल्या बाईंनाच विचारीन.

ग्रामसंघाची बैठक बुधवारी आहे. २२५० मधले निम्मे तरी मागते. आधी कोणी असा ठराव करून घेतला असेल तर त्यात शब्द कसे घातले ते इथे लिहा, म्हणजे सचिवबाईंपुढे कागद ठेवता येईल.

पावती_घ्या:

"गटाच्या व्यवसायासाठी प्रशिक्षण, प्रशिक्षणानंतर सदस्यांना विनामूल्य शिकवण्याच्या अटीवर, निवास व भोजन खर्चापैकी प्रत्यक्ष पावतीप्रमाणे निम्मी रक्कम" एवढं पुरे. प्रत्यक्ष पावतीप्रमाणे हे शब्द सोडू नका. आणि किती जणींना, किती दिवसांत शिकवणार, तो आकडा तुम्हीच सांगा. त्यांना ठरवू दिलंत तर अख्खा तालुका तुमच्या अंगणात रंगवायला येईल.