बाग काढली, भंगार उरलं. कोंबड्यांचं खुराडं होईल का? (बजेट ८ हजार)

माळावरचा (तासगाव तालुका)
नमस्कार मंडळी. आमची एक एकर तास-ए-गणेश द्राक्षाची बाग यंदा छाटणीआधीच काढून टाकली. का काढली ते विचारू नका, औषधांचा हिशेब निघाला की आई जेवण सोडते. आता बांधाला जे पडलंय ते असं:

लोखंडी अँगल साठेक, वेल चढवायचे, इंग्रजी वाय (Y) आकाराचे, ७ फुटी (बाकीचे पाव्हण्यांनी नेले). १६ एमएमच्या ड्रिपच्या नळ्या, गठ्ठे मोजले नाहीत. वडिलांच्या काळातले दगडी खांब ११. शेततळ्याचा फाटका कागद, ५०० मायक्रॉनचा. २०० लिटरची बॅरलं ४, दोन लोखंडी, दोन निळी प्लास्टिकची. ट्रॅक्टरचं मागचं टायर १. आणि गुऱ्हाळातली काहील (उसाचा रस आटवायची लोखंडी कढई), ७ फूट व्यासाची. वाटणीत ती आमच्याकडं आली, कारण दुसऱ्या कुणालाच नको होती.

आईला २०-२५ गावरान कोंबड्या पाळायच्यात. बजेट ८ हजार, कोंबड्या धरून. भंगारवाला २८ रुपये किलोनं मागतोय, काहील उचलायची मजुरी वर कापून घेणार म्हणतो. काय ठेवू, काय विकू, खुराडं कशाचं करू?

कऱ्हाडचा_दादा
भावा, जुगाड करू नको. मी दोन वर्षांपूर्वी शेड मारलं, ४० बाय २०, खाली कोबा, वर पफचा (मधे फोम भरलेला) पत्रा, चहूबाजूंनी वेल्डेड जाळी, सगळं मिळून १ लाख ८५ हजार. आमच्याकडं उसात बिबट्या आहे, सीसीटीव्हीत दोनदा आलाय. जाळीवर पंजा मारला आणि गेला. स्वस्तात केलं असतं तर आत आला असता. एकदाच करा, चांगलं करा.

माळावरचा
दादा, ८ हजार. ८० नाही, १ लाख ८५ तर नाहीच नाही. आणि आमच्या माळावर बिबट्याला लपायला ऊस कुठाय?

निवृत्त_फिटर_पलूस
मी ३१ वर्षं कारखान्यात वेल्डिंग केलंय, म्हणून लिहितो. अँगल विकू नका. आठ अँगल उभे, सहा आडवे, ६ बाय ७ चा सांगाडा आरामात बसतो. पण बागेचे अँगल जस्त चढवलेले असतील तर वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त ग्राइंडरनं आधी घासून काढा आणि वाऱ्याकडं पाठ करून बसा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. मला तीनदा आलाय. सकाळी उतरतो, पण ती रात्र विचारू नका. आम्ही गूळ खायचो.

दुसरं, लोखंडी बॅरल. त्यात पूर्वी काय होतं? डिझेल, थिनर असलं काही असेल तर ग्राइंडर लावू नका. रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते आणि ग्राइंडरची ठिणगी तिला पुरते. कापायचंच असेल तर काठोकाठ पाणी भरा, मग छिन्नी-हातोड्यानं तोडा. वेळ लागतो, पण भुवया राहतात.

येरळाकाठ
फिटर साहेब बरोबर. माझ्या मेव्हण्याच्या भुवया गेल्यात. बॅरलचं झाकण उडून गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलं. बॅरल मोकळं आहे असं तो तीन वेळा म्हणाला होता.

गुळानं धुराचा ताप जात नाही हो, ती समजूत आहे.

निवृत्त_फिटर_पलूस
जातो असं मी कुठं म्हटलं? आम्ही खायचो एवढंच लिहिलंय.

दोन_एकर_बास
अँगल किलोवर देऊ नका!! भंगारवाला २८ देतो आणि तोच पुढं नवीन बाग लावणाऱ्याला नगावर विकतो. माझ्या चुलतभावानं ९० अँगल किलोवर दिले, पुढच्या महिन्यात तेच शेजारच्या गावच्या बागेत उभे. एकाला खालून वाकल्याची खूण होती, तिच्यावरून ओळखले. स्टेटसला टाका, दोन दिवसांत गिऱ्हाईक येईल.

वाईची_सून
ताई-दादांनो, त्यांनी कोंबड्यांचं विचारलंय. मी १५ वर्षं पाळतेय, सासूबाई त्याआधी ३० वर्षं.

बिबट्याचं सोडा, कोंबड्या मुंगूस नेतं. त्याला दोन बोटांची फट पुरते. षटकोनी कोंबडीजाळी दुरून बरी दिसते, पण मांजर-कुत्र्याच्या दातानं सुटते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, निदान खालच्या दोन फुटांना. आणि जाळी जमिनीवर टेकवून थांबू नका, वीतभर खाली पुरा, नाहीतर मुंगूस उकरून आत येतं. आमच्या पहिल्या वर्षी एका रात्रीत ९ गेल्या. त्यातली एकच खाल्ली होती, बाकीच्या नुसत्या मारून ठेवल्या होत्या.

बसायला दांड्या लागतात. तुमच्याकडं द्राक्षाची खोडं असतील ना? मनगटाएवढी जाड बघून घ्या. पण साल पूर्ण सोलून मगच लावा. द्राक्षाची साल धाग्याधाग्यानं सुटते आणि तिच्याखाली पिसवा (लाल माइट) घर करतात. दिवसा दिसत नाहीत, रात्री कोंबडीच्या अंगावर चढतात. अंडी कमी झाली की लोक खाद्याला नावं ठेवतात, पिसवा कुणी बघत नाही. दांडीच्या टोकांना चुन्याची निवळी किंवा राख लावत जा.

निळं बॅरल आडवं टाकून आत भाताचं तूस घातलं की अंडी घालायला उत्तम. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतं. पण फवारणीच्या औषधाचं असेल तर नको, कितीही धुतलं तरी नको. ते भोक पाडून टाका म्हणजे दुसरं कुणी पाणी भरणार नाही.

माळावरचा
ताई, सगळं वहीत उतरवून घेतलं. खोडं जळणाला दिली होती, पण अर्धी परत आणतो. बॅरल अॅसिडची आहेत, ड्रिप धुवायला आणलेली.

पुण्याचा_पाव्हणा
नमस्कार. काहिलीचा फोटो मिळेल का? माझं भोरजवळ फार्महाऊस आहे. कमळं लावायला अशीच जुनी काहील शोधतोय. वाहतूक माझी. ९ हजार देईन.

कऱ्हाडचा_दादा
झालं. ९ हजारात खुराडं फुकट! देऊन टाक भावा.

दोन_एकर_बास
द्या. भंगारात दीडशे-पावणेदोनशे किलोचे चार-पाच हजार येतील, त्यात मजुरी जाणार.

सांगलीचा_जुना_माणूस
काहील हळद शिजवायला भाड्यानं द्यायचे आमच्याकडं. आता हळद वाफेच्या कुकरमध्ये शिजते, काहिलीला कोण विचारतंय. हरिपूरची पेवं बघितलीत का कुणी? जमिनीखालच्या कोठारात हळद वर्षानुवर्षं राहायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. २००५ च्या पुरात बरीच गेली. त्या वर्षी आमची ४० पोती...

येरळाकाठ
आबा, धागा खुराड्याचा आहे.

सांगलीचा_जुना_माणूस
वाच नाहीतर वाचू नको.

माणदेशी_ढेकूळ
टायरबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्याकडं तीन होती, वाटलं आडवी कापून जनावरांना पाणी पाजायला डोण्या करू. मागच्या टायरच्या कडेत तारेचा वेढा असतो, त्यात दोन ब्लेड मोडली, अंगठ्याला चार टाके पडले. मग तशीच टाकली. पावसाळ्यात पाणी साचलं आणि घरातल्या दोघांना डेंगी. त्या डासाची अंडी कोरड्या टायरला चिकटून महिनोन्महिने जगतात, पाणी पडलं की फुटतात. टायर ठेवायचं असेल तर तळाला भोकं पाडा किंवा मातीनं भरून टाका. जाळू तर अजिबात नका, शेजारी भांडायला येतात आणि ते बरोबर असतात.

आमच्याकडं पाऊसच नाही, तरी डेंगी. नशीब.

कोरेगाव_घेवडा
ड्रिपच्या नळ्या फेकू नका. एक सांगतो, कुणाला माहीत नसेल. नळी लांबीच्या बाजूनं चिरायची, विळा धार वर करून धरला आणि त्यावर नळी ओढली की सरळ चिरते. मग ती जाळीच्या किंवा पत्र्याच्या कडेवर दाबून बसवायची, टॉक टॉक आवाज करत बसते. हात कापत नाही, कोंबडीचं पीस अडकत नाही, कडा झाकली जाते. उन्हात तासभर ठेवून मग लावा, नरम होते. बारीक तारेनं दर हातभर अंतरावर एक बांध घाला.

उरलेली नळी बादलीच्या कडीला. आमच्या घरात एकही बादली हात कापत नाही.

दोन_एकर_बास
हे मस्त आहे. आणि अँगल किलोवर देऊ नका, परत सांगतो.

कऱ्हाडचा_दादा
अॅसिडचं निघालं म्हणून सांगतो. ड्रिप धुताना एकानं आमच्याकडं अॅसिडच्या बादलीत ब्लीचिंग पावडर टाकली, जास्त स्वच्छ होईल म्हणून. पिवळट वायू सुटला, दोघं पंप हाऊसमधून रांगत बाहेर आले. दोन्ही कधी एकत्र करू नका. ती बॅरलंही नीट धुवा, माझं शेड धुताना...

येरळाकाठ
शेड आलंच शेवटी.

निवृत्त_फिटर_पलूस
सांगाड्याचं माप काढून ठेवलंय, १४ अँगल लागतात. उरलेले नगावर द्या. आमच्या गावच्या माणसाला लोखंड वाया घालवणं जमत नाही. किर्लोस्करवाडी १९१० ची, पहिला लोखंडी नांगर तिथलाच.

सांगलीचा_जुना_माणूस
नांगर वाडीचा नव्हे. तो बेळगावातच बनला होता, १९०३ साली. कारखाना वाडीला नंतर आला.

निवृत्त_फिटर_पलूस
ठीक आहे, पण कारखाना आमच्याकडचा.

माळावरचा
मंडळी, १२ दिवसांनी लिहितोय. काम झालं. सगळ्यांना राग येईल, आधीच माफी मागतो.

अँगल सगळेच्या सगळे विकले, नगावर (दोन_एकर, तुमचं ऐकलं). एक सुद्धा ठेवला नाही. फिटर काका, सांगाडा नाही केला. काहील ठेवली.

झालं असं की पुण्याच्या साहेबांचा मेसेज मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कमळं खाता येतात का?" मग उठून काहिलीभोवती एक चक्कर मारली, काठीनं तिच्या बुडावर ठोकलं आणि म्हणाली, पालथी घाल. मला आधी कळलंच नाही.

दगडी खांबांपैकी ८ खांब गोलात पुरले, जमिनीवर अडीच फूट राहतील असे. त्यांच्यावर काहील पालथी. उचलायला आठ माणसं आणि एक ट्रॅक्टर लागला, एकाचा हात मधेच सुटला आणि एक खांब कलला, तो पुन्हा पुरला. दोन खांबांच्या मधे अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, वीतभर जमिनीत. कडेला चिरलेली ड्रिपची नळी, खरंच टॉक टॉक वाजते. आत सोललेली खोडं दोन उंचीवर. निळं बॅरल धुऊन-वाळवून आडवं. तूस गिरणीवाल्यानं फुकट दिलं.

जाळी ३,१००, मजुरांचं जेवण ९००, बिजागऱ्या-कडी १८०, तलंगा २० आणि कोंबडा १ मिळून ३,६००. एकूण ७,७८०. अँगलचे पैसे वेगळे, ते आईकडं.

कऱ्हाडचा_दादा
लोखंडाचं छप्पर? तासगावच्या एप्रिलमध्ये? काहिलीखाली कोंबड्यांची काहिली होणार बघ.

निवृत्त_फिटर_पलूस
दादा म्हणतात ते खरं आहे, लोखंड तापणार. जागेचा हिशेब मात्र जमतोय. सात फुटी व्यास म्हणजे साडेअडतीस चौरस फूट, एकवीस पक्ष्यांना बास होईल. पण सांगाडा चांगला झाला असता.

माळावरचा
वर ओली पोती, त्यावर शेततळ्याचा फाटका कागद, त्यावर चार बोटं माती, आणि चहूकडून दुधीचा वेल सोडलाय. पानं अजून ओंजळभरच आहेत. एप्रिलपर्यंत चढेल असं आई म्हणते. नाही चढला तर मातीवर पाणी मारू. जाळी चारी बाजूंनी मोकळी आहे, वारा आरपार जातो.

टायर मातीनं भरून त्यात गवती चहा लावला.

वाईची_सून
छान केलंत हो. दार कुठल्या बाजूला? पश्चिमेकडून पावसाची झड आत येते.

माळावरचा
पूर्वेला, ताई. पण खरं सांगू का, पहिल्या दोन रात्री एकही कोंबडी आत गेली नाही. सगळ्या शेवग्यावर. आई टॉर्च घेऊन एकेक उतरवून आत घालते आणि त्यांना शिव्या देते. काल सात आपण होऊन गेल्या.

वाईची_सून
आठवडाभर असंच करा, सवय होते. दिवस मावळायच्या आधी दाणे आतच टाका.

पुण्याचा_पाव्हणा
ऑफर अजूनही आहे. १२ हजार.

माळावरचा
साहेब, पालथी आहे. सरळ करायला आठ माणसं लागतात. जेवणाचं तुम्ही बघणार असाल तर आईला विचारतो.